मंत्रांच्या मारामारीत चुकवायचं की हवेतच फोडायचं?

गल्लीतला_मांत्रिक:
एक कथा लिवालोय, जादूची हाय पण आपल्या बेळगावकडचीच. पहिली लढाई राजहंसगडावर, दुसरी गणपत गल्लीत भर बाजारात. हिरॉइन लांबनं येणारे अग्निगोळे नुसते चुकवत सुटते. मित्र वाचून म्हणाला, ही काय आबाधुबी खेळालीय काय, उलटा मंत्र मारून वाटेतच फोडायला काय झालं? मला चुकवणंच खरं वाटतंय. तुमचं काय मत, सांगा की.

यळ्ळूरचा_ओपनर:
बाउन्सर खेळलायस न्हवं कधी? खाली वाकायला बॉलची लाइन कळली तरी भागतंय, हूक मारायचा तर लाइन बी पायजे आणि टायमिंग बी. आता हिशोब बघ. समोरचा २० मीटरवर, गोळा सेकंदाला ४० मीटर, म्हणजे चांगल्या फास्ट बॉलरएवढा. हातात अर्धा सेकंद, त्यातला साधारण पाव सेकंद नुसतं बघून अंग हलेपर्यंत गेला, तोवर गोळा १० मीटरवर आलाय. तेवढ्याच स्पीडनं तुझा मंत्र सुटला तर गाठ पडणार तुझ्यापासनं ५ मीटरवर. आणि डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स ह्या खेळातला फायरबॉल धरलास तर त्याची त्रिज्या २० फूट, म्हणजे सहा मीटर. अडवलास पण भाजलास बी. मंत्र पुटपुटायचा वेळ अजून धरलाच न्हाई मी.

खानापूरची_पोरगी:
ओपनर दादा, हिशोबात मागची माणसं कुठं गेली? गडावर चुकवला तर गोळा जाईल डोंगराखाली, गल्लीत चुकवला तर मागच्या दुकानात, तिथं बाई पोराला घेऊन चप्पल बघत उभी आहे. मग हिरॉइनला सरकता येणारच नाही, अडवायलाच लागणार, आणि भाजून घ्यायला लागणार. दोन लढाया मुद्दाम दोन जागी ठेवल्यास तर हेच वापर की.

पोथीवाले_काका:
महाभारतात दोन्ही हाय बाळ. अग्न्यस्त्राला वरुणास्त्र, हे अडवणं. कर्णाचा नागबाण आला तेव्हा कृष्णानं रथच खाली दाबला, अर्जुनाचा मुकुट गेला, मान राहिली, हे चुकवणं. पण मला आवडतं ते नारायणास्त्र. शस्त्रं टाकून रथातनं उतरले ते वाचले, भीम एकटा लढत राहिला तर ते त्याच्यावरच जास्त पेटलं. असा एखादा मंत्र दे व्हिलनला, अडवलं की वाढणारा. गल्लीत तुझी हिरॉइन काय करते बघू मग!

गल्लीतला_मांत्रिक:
काका, तुम्ही तर माझी झोपच घालवलात. ओपनर, तो पाव सेकंद वाचवायचा कसा पण?

यळ्ळूरचा_ओपनर:
बॅट्समन बॉल सुटायच्या आधी बॉलरचं मनगट बघतोय. हिनं समोरच्याचे ओठ बघायचे, पहिल्या अक्षरालाच आपला मंत्र सुरू.

गल्लीतला_मांत्रिक:
मग व्हिलन कन्नडात पुटपुटतो असं करू काय, तिला कळू नये म्हणून?

खानापूरची_पोरगी:
बेळगावात? 😂 तिला घरात बोलायला मराठी, बाजारात भाव करायला कन्नड. व्हिलनला बिचाऱ्याला तिसरी भाषा शिकायला लागंल.