मदत हवी आहे : हळदीच्या पाकिटावरचं नाव दुबईत कसं राखावं?
नमस्कार. आम्ही समुद्रपूर तालुक्यातल्या बायका, बचत गटातून वायगाव हळद दळून विकतो. पिवळ्या पाकिटावर जात्याचं चित्र, खाली आमचं नाव. त्याचा ट्रेडमार्क अर्ज वर्ग ३० मध्ये (मसाले ज्यात येतात तो) केलाय. आता दुबईचा व्यापारी माल मागतोय. त्यानंच तिथं नाव स्वतःच्या नावावर करून घेतलं तर? झोप लागत नाही बाप्पा.

माद्रिद पद्धतीत, म्हणजे एकाच अर्जावर अनेक देशांत ट्रेडमार्क मागायच्या व्यवस्थेत, इथूनच अर्ज जातो. भारत २०१३ पासून त्यात आहे, दुबई ज्या देशात येते ती अमिरातीही आहे. पण इथला मूळ अर्ज पाच वर्षांत पडला तर त्यावरची तिकडची नोंदणीही पडते, आणि आमच्या अर्जावर हरकत आलीये. अग्रहक्काच्या, म्हणजे इथल्या अर्जाचीच तारीख तिकडे धरून मिळते त्या सहा महिन्यांतले चार गेले.

माद्रिदनं जावं की अमिरातीत थेट अर्ज करावा? अनुभवी ताई-दादांनी खर्चासकट सांगा.