मदत हवी आहे: लेकीची स्पॅनिशची प्लेसमेंट टेस्ट. परीक्षा देऊन क्रेडिट्स घ्यावीत की वर्गात बसावं?

बकुळफूल:

नमस्कार मंडळी. इथे बऱ्याच जणांची मुलं अमेरिकेत कॉलेजात आहेत, काही जण स्वतः शिकवतातही, म्हणून विचारते.

आम्ही टेक्सासमध्ये राहतो. लेक येत्या ऑगस्टपासून इथल्या एका सरकारी विद्यापीठात प्री-नर्सिंगला जाते आहे. पहिली दोन वर्षं तिथे विज्ञानाचे आणि इतर विषय करायचे आणि मग बीएसएनसाठी (नर्सिंगची पदवी) दुसऱ्या संस्थेत, बहुतेक एखाद्या हेल्थ सायन्स सेंटरला, अर्ज करायचा, असं ठरलं आहे.

स्पॅनिश तिने शाळेत आठवी ते अकरावी केलं. अकरावीत एपी परीक्षेत (शाळेत असतानाच देता येणारी कॉलेजच्या पातळीची परीक्षा) ५ पैकी ३ मिळाले. बारावीत केमिस्ट्री आणि अ‍ॅनाटॉमी घेतल्यावर वेळापत्रकात स्पॅनिशला जागा उरली नाही, त्यामुळे वर्षभराचा खंड पडला आहे. विद्यापीठाकडून ईमेल आली की ओरिएंटेशनच्या आधी भाषेची प्लेसमेंट टेस्ट देऊन टाका. तिने घरीच लॅपटॉपवर दिली. सगळे बहुपर्यायी प्रश्न. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. व्याकरण आणि वाचन होतं, बोलायला काहीच नव्हतं. निकाल लगेच आला: स्पॅन २३११, म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरचा वर्ग.

लेकीचं म्हणणं असं की उन्हाळ्यात क्लेप परीक्षा (वर्गात न बसता कॉलेजची क्रेडिट्स मिळवून देणारी) द्यायची, स्पॅनिशच्या चारही सेमिस्टरची क्रेडिट्स, म्हणजे पदवीत मोजले जाणारे तास, घ्यायची आणि स्पॅनिशचा विषय कायमचा मिटवायचा. पहिल्या वर्षी केमिस्ट्री आणि अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी असताना आणखी एक वर्ग कशाला? तिचं चुकतंय असं मला म्हणवत नाही.

पण मी एका फार्मसीत टेक्निशियन आहे. रोज काउंटरवर एखाद्या आजी येतात, त्यांना इंग्रजी येत नाही, सोबत आठ-दहा वर्षांचा नातू असतो. इन्शुलिनचे किती युनिट, जेवणाआधी की नंतर, हे सगळं त्या पोराच्या तोंडून आजींपर्यंत जातं. माझा जीव खालीवर होतो. लेक नर्स होणार आहे, तीही याच राज्यात. तिचं स्पॅनिश कागदावर पुरं होऊन थांबावं असं मला मनापासून वाटत नाही.

तर मला हे समजून घ्यायचं आहे: प्लेसमेंट आणि प्रोफिशियन्सी या परीक्षांमध्ये नेमका फरक काय? प्लेसमेंटमध्ये वरचा वर्ग मिळाला तर खालच्या वर्गांची क्रेडिट्स आपोआप मिळतात का? मिळालेली क्रेडिट्स पुढच्या संस्थेत चालतात का? आणि वर्षभराच्या खंडानंतर तिसऱ्या सेमिस्टरला बसणं तिला झेपेल का?

सह्यवेडा:

ताई, मी डॅलसजवळ एका कम्युनिटी कॉलेजात विद्यार्थ्यांचा ॲडव्हायझर आहे. हा गोंधळ दर उन्हाळ्यात होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्लेसमेंट टेस्ट फक्त सांगते की कुठल्या वर्गात बसा. त्याने ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, काहीही येत नाही. लेकीला २३११ मिळालं म्हणजे १४११ आणि १४१२ (पहिल्या दोन सेमिस्टरचे वर्ग) ची क्रेडिट्स मिळाली असं नाही. क्रेडिट देणाऱ्या परीक्षा निराळ्या: एपी, क्लेप, आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) किंवा विद्यापीठाच्या विभागाची स्वतःची परीक्षा. तिसरा प्रकार म्हणजे फक्त भाषेची अट पूर्ण झाली एवढं दाखवणारी प्रोफिशियन्सी टेस्ट. तिच्यात अट सुटते, क्रेडिट मात्र बरेचदा शून्य. एकाच टेस्टिंग सेंटरमध्ये हे तीनही प्रकार चालतात आणि खिडकीवरचा माणूस तिन्हींना 'स्पॅनिश टेस्ट'च म्हणतो. म्हणून दर वेळी दोन प्रश्न विचारायचे: याने क्रेडिट मिळेल का, आणि याने अट पूर्ण होईल का?

टेक्सासमध्ये बहुतेक सरकारी कॉलेजांचे पहिल्या दोन वर्षांचे कोर्स क्रमांक सारखे असतात. स्पॅनिशचे १४११, १४१२, २३११, २३१२. पहिला आकडा वर्ष, दुसरा क्रेडिट तास. म्हणजे चारही मिळून ४+४+३+३, एकूण १४ तास. तुमची लेक पुढे संस्था बदलणार असल्याने हे क्रमांक लिहून ठेवा.

आता महत्त्वाचं. तिच्याकडे एपीचे ३ आहेत ना? मग क्लेपचे पैसे भरण्याआधी ते वापरा. २०१५ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने कायदा केला की सरकारी विद्यापीठांनी एपीमध्ये ३ किंवा जास्त गुण असतील तर क्रेडिट द्यावं. कुणाला जास्त गुण मागायचे असतील तर त्यांनी त्यासाठी पुरावा दाखवावा. ३ वर नेमके किती कोर्स देतात ते प्रत्येक विद्यापीठाच्या तक्त्यात असतं. तुमच्या विद्यापीठाचा तक्ता आधी उघडा. आणि हायस्कूलच्या मार्कशीटवर एपीचा वर्ग दिसतो म्हणून भागत नाही, गुण कॉलेज बोर्डाकडून (एपी आणि क्लेप घेणारी संस्था) थेट पाठवावे लागतात.

पेठेतला:

माझ्या भाच्याने प्लेसमेंटमध्ये मुद्दाम चुकीची उत्तरं दिली होती. पहिल्या सेमिस्टरला बसला, आरामात ए ग्रेड. जीपीएला, म्हणजे ग्रेडच्या सरासरीला, मदत झाली. हा मार्ग कुणी सांगत नाही म्हणून लिहिलं.

सह्यवेडा:

@पेठेतला, हे कृपा करून कुणाला सुचवू नका. शाळेत किती वर्षं स्पॅनिश झालं ते विभागाला ट्रान्स्क्रिप्टवर दिसतं, आणि कित्येक विद्यापीठं अशा मुलांना पहिल्या सेमिस्टरच्या कोर्सचं क्रेडिट देतच नाहीत. ज्या कोर्सचं एपी क्रेडिट आहे तोच पुन्हा केला तर तास दोनदा मोजत नाहीत, ते नुकसान वेगळंच. शिवाय त्या वर्गात खरोखर पहिल्यांदा शिकणारी मुलं असतात. शेजारी चार वर्षं झालेला मुलगा फडाफडा उत्तरं देत बसला की त्यांची हिंमत खचते, हे मी पाहिलं आहे.

उलट बाजूने, शब्दकोश किंवा भाषांतराचं ॲप उघडं ठेवून वरचा वर्ग मिळवणंही तितकंच वाईट. दुसऱ्या आठवड्यात बाई बोलायला उभं करतात तेव्हा काय करणार?

रानजाई:

बकुळफूल, मी कॅलिफोर्नियात रुग्णालयात नर्स आहे. तुम्ही काउंटरवर जे पाहता तेच मी वॉर्डात पाहते, म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. लेकीला वर्गात बसू द्या.

कारण असं. क्लेप स्पॅनिश ही साधारण दीड तासाची परीक्षा. त्यात ऐकणं आणि वाचणं आहे, बोलणं अजिबात नाही. गुण २० ते ८० मध्ये, ५० ला पहिली पातळी आणि ६३ ला दुसरी असं धरतात. कुठल्या गुणाला किती तास द्यायचे ते विद्यापीठ ठरवतं. हुशार मुलगी आहे, तयारी करून ६३ पार करेलही. पण पेशंट रात्री तीन वाजता कण्हत सांगतो की 'मे दुएले आकी, कोमो सि मे केमारा', तिथे चार पर्याय नसतात. 'इथे दुखतंय, जळल्यासारखं' हे कळायला हवं, आणि कधीपासून, कुठे सरकतं, श्वास घेताना वाढतं का, हे त्याला समजेल असं विचारता यायला हवं.

दुसरं, पोरांना दुभाषे करण्याबद्दल. अफोर्डेबल केअर ॲक्ट या केंद्रीय आरोग्यकायद्याच्या कलम १५५७ खालच्या नियमांनुसार तातडीचा प्रसंग सोडला तर अल्पवयीन मुलांकडून दुभाष्याचं काम करून घ्यायला मनाई आहे, आणि केंद्राचा निधी घेणाऱ्या आरोग्यसंस्थांनी पात्र दुभाषी विनामूल्य द्यायचा असतो. फोनवरून दुभाषी मिळण्याची सोय तुमच्या फार्मसीत आहे का ते वरिष्ठांना विचारा. पुष्कळ ठिकाणी ती असते, पण काउंटरवरच्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

हाच नियम लेकीलाही लागू होईल. चार सेमिस्टर झाले म्हणून ती पेशंटशी उपचारांबद्दल स्पॅनिशमध्ये बोलू शकेल असं नाही. आमच्याकडे त्यासाठी वेगळी तोंडी परीक्षा आहे. ती पास झाल्यावरच बॅजवर 'स्पॅनिश' लागतं आणि पगारात थोडी भर पडते. तोवर दुभाषीच बोलवायचा. माझ्या वॉर्डातल्या ज्या मुली ती पास झाल्या त्या सगळ्या वर्गात किंवा घरी भरपूर बोललेल्या आहेत. बऱ्याच विद्यापीठांत आरोग्यसेवेसाठी स्पॅनिश असा कोर्स असतो आणि त्याला आधी चौथं सेमिस्टर लागतं. २३११, २३१२ आणि मग तो, अशी वाट तिला छान जमेल.

मुठेकाठी:

मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. अमेरिकेतल्या क्रेडिट्सचं मला फारसं कळत नाही, पण खंडाबद्दल आणि तयारीबद्दल सांगू शकते.

एक वर्षाचा खंड फार नाही. वाचन टिकून राहतं, भूतकाळ आधी घसरतो. प्रेतेरितो (घडून संपलेलं) आणि इंपेर्फेक्तो (चालू असलेलं किंवा नेहमी घडणारं) हे दोन भूतकाळ, कुठे कुठला, हे तिने उन्हाळ्यात पक्कं करावं, कारण पेशंटची सगळी हकीकत भूतकाळातच असते. त्यानंतर सुबहुंतिवो, म्हणजे इच्छा, शंका वगैरेंसाठीचं क्रियापदाचं रूप. 'डॉक्टरांना वाटतं तुम्ही विश्रांती घ्यावी' अशा वाक्यांना तो लागतोच.

मराठी घरातल्या मुलीला एक फायदा आहे, तो तिला दाखवून द्या. इंग्रजीतून शिकणारी मुलं 'मे गुस्तान लोस मांगोस' पाशी अडखळतात. आपण 'मला आंबे आवडतात' असंच म्हणतो, क्रियापद आंब्यांप्रमाणेच बदलतं. 'मे दुएलेन लास पिएर्नास' मध्येही क्रियापद पायांमागे जातं, जसं 'माझे पाय दुखतात' मध्ये. आणि माणूस कर्म असला की स्पॅनिशमध्ये आधी 'आ' लागतो: 'बेओ आ मारिया', पण 'बेओ ला कासा'. आपणही 'मी मारियाला बघते' पण 'मी घर बघते' म्हणतो. शाळेत हे तिने नियम म्हणून पाठ केलं असेल. मराठीतून ऐकलं की पाठ करावं लागत नाही. घरी मराठी बोलते ना ती?

पुढेमागे बाहेरचं प्रमाणपत्र हवं असेल तर डेले आणि सिएले हे दोन पर्याय आहेत. डेले स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या नावे इन्स्तितूतो सेर्वान्तेस घेते, ए१ (सुरुवातीची) ते सी२ (सर्वात वरची) अशा पातळ्यांचं, आणि ते आयुष्यभर चालतं. मात्र एक पातळी निवडून तिचीच परीक्षा द्यावी लागते. बी२ घेतली तर वाचन-लेखन एका गटात, ऐकणं-बोलणं दुसऱ्या गटात, आणि दोन्ही गटांत प्रत्येकी ५० पैकी ३० हवेतच. म्हणजे उत्तम वाचणारी पण न बोलणारी मुलगी नापास होते. मला ही अट फार आवडते. सिएले २०१६ पासून आहे, संगणकावर असते, पास-नापास नाही, मिळालेल्या गुणांवरून पातळी कळते. पण ती पाचच वर्षं ग्राह्य. नर्सिंगच्या प्रवेशासाठी यातलं काही लागत नाही, त्यामुळे आत्ता घाई नको.

सह्यवेडा:

रानजाई आणि मुठेकाठी यांच्याशी मी सहमत आहे, फक्त हिशेबाची एक गोष्ट. परीक्षेतून मिळालेल्या क्रेडिटला सहसा ग्रेड नसते, त्यामुळे जीपीए वाढतही नाही, घटतही नाही. वर्गात बसली तर ग्रेड मोजली जाईल. नर्सिंगच्या प्रवेशात विज्ञानाच्या विषयांचे गुण अनेक ठिकाणी वेगळे पाहतात, पण एकूण जीपीएही पाहतात. म्हणून पहिल्या सेमिस्टरला किती विषय घ्यायचे ते विचारपूर्वक ठरवा. वर्ग झेपत नाहीये असं वाटलं तर सुरुवातीच्या दिवसांत खालच्या वर्गात बदलून घेता येतं, ती तारीख कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा. क्लेप कुठे पळून जात नाही. फक्त एकदा दिली की तीच परीक्षा तीन महिने पुन्हा देता येत नाही.

बकुळफूल:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल लेकीला शेजारी बसवून सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. आंब्यांचं वाक्य ऐकून ती म्हणाली, 'हे आठवीत कुणी सांगितलं असतं तर!' घरी आम्ही मराठीच बोलतो, @मुठेकाठी.

आज विद्यापीठाच्या स्पॅनिश विभागात फोन केला. एपीच्या ३ वर ते १४११ आणि १४१२ देतात, म्हणजे ८ तास न बसता मिळाले, आणि पुढचा वर्ग २३११. प्लेसमेंटनेही तोच सांगितला होता, त्यामुळे पातळीबद्दल शंका उरली नाही. ज्या हेल्थ सायन्स सेंटरला पुढे अर्ज करायचा आहे त्यांना विचारलं, तर त्यांनी सांगितलं की नुसती विद्यापीठाची नोंद पुरणार नाही, एपीचे गुण कॉलेज बोर्डाकडून आमच्याकडेही थेट पाठवा. @सह्यवेडा, तुम्ही लिहिलं नसतं तर हे विचारायचं सुचलंच नसतं.

लेक २३११ पहिल्याच सेमिस्टरला घेणार आहे, म्हणजे खंड आणखी वाढायला नको. त्यासाठी एक ऐच्छिक विषय पुढे ढकलला. २३१२ चं क्लेपने करायचं की वर्गात, ते ती डिसेंबरमध्ये ठरवेल. मी त्यात पडणार नाही.

@रानजाई, फार्मसीत विचारलं. फोनवरच्या दुभाष्याची सोय खरंच आहे. नंबर आतल्या खोलीत एका फाइलमध्ये होता. आता तो काउंटरवर चिकटवला आहे. एकच विचारायचं राहिलं: बोलण्याच्या सरावासाठी लेकीला उन्हाळ्यात एखाद्या मोफत दवाखान्यात स्वयंसेवक म्हणून जाता येईल का? अजून अठरा पूर्ण व्हायची आहे.

रानजाई:

वयाची अट दवाखान्यागणिक वेगळी असते. बऱ्याच ठिकाणी १६ पूर्ण आणि पालकांची सही चालते, लसींची नोंद मागतात. तिने स्वागताच्या टेबलावरचं काम मागावं: नाव, पत्ता, कुणाबरोबर आलात, किती वाजताची वेळ आहे. बोलणं भरपूर होतं आणि उपचारांबद्दल काही सांगावं लागत नाही. लहान वही खिशात ठेवायची, अडलेलं वाक्य लिहायचं, घरी येऊन बघायचं. अर्ज आत्ताच करा, जूनमध्ये जागा भरलेल्या असतात.