धमनीतला स्नायू काय नुसता हुकमाचा ताबेदार?

शरीरक्रिया: काल इथे एकाने ठणकावून लिहिलं, ‘रक्तवाहिनीचं अस्तर हुकूम सोडतं, स्नायू निमूटपणे पाळतो.’ डोकंच फिरलं. अहो, १९०२ सालीच बेलिस या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने दाखवलं होतं की आतला दाब वाढला की वाहिनी आपणहून आवळते. लहान धमन्यांचं अस्तर काढून टाकलं तरी हे थांबत नाही! स्नायूपेशीचा पडदा ताणला जातो, कॅल्शियम आत शिरतं, मायोसिन हे आकुंचन घडवणारं प्रथिन कामाला लागतं. अस्तर या आवळण्याला आवर घालतं. वाहत्या रक्ताचं घर्षण जाणवलं की ते नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडतं, स्नायूत सीजीएमपी हा निरोप्या रेणू वाढतो आणि स्नायू सैलावतो. आवर घालणारा म्हणजे मालक नव्हे.

अस्तरवाला: ते वाक्य माझं, आणि मी त्यावर ठाम आहे. १९८०चा फर्चगॉट-झवाड्झकींचा प्रयोग विसरलात? सशाच्या महाधमनीच्या पट्टीवर अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन टाकलं: अस्तर शाबूत तर ती सैल, अस्तर घासून काढलं तर उलट आवळते. स्नायू तोच, औषध तेच. मग ठरवलं कोणी? आवळायला लावणारं एंडोथेलिनही १९८८ साली अस्तराच्याच पेशींत सापडलं.

जुनी प्रयोगशाळा: घासण्यावरून माझी जखम उघडी झाली. विद्यार्थी असताना दोन महिने माझ्या धमनीच्या पट्ट्या अ‍ॅसिटिलकोलिनला आवळतच होत्या. सरांनी द्रावण बदलायला लावलं, औषध नवं मागवलं, वर मी बोलणीही खाल्ली. चूक माझ्या बोटांत होती. कापताना पट्टी टिपकागदावर पालथी पडायची आणि आतली बाजू पुसली जायची. एका पेशीच्या जाडीचं ते अस्तर, जाईल नाही तर काय! बाकी हा विषय निघालाच आहे तर सांगतो, नायट्रिक ऑक्साइडच्या शोधासाठीच्या १९९८च्या नोबेलमधून संशोधक मोंकाडांना वगळलं हा सरळसरळ अन्याय होता.

अस्तरवाला: अन्याय कसला? अस्तरातून निघणारा, स्नायू सैलावणारा घटक नायट्रिक ऑक्साइडच असावा हे फर्चगॉट आणि इग्नारो यांनी १९८६ सालीच सुचवलं होतं. नायट्रिक ऑक्साइडवरचं म्युरादचं काम तर त्याआधीचं, १९७७चं. नोबेल याच तिघांना मिळालं. तिघांपलीकडे नोबेल देता येत नाही.

जुनी प्रयोगशाळा: सुचवणं वेगळं आणि मोजून दाखवणं वेगळं! पेशींतून निघालेला वायू आणि पट्टीचं सैलावणं यांचा मेळ १९८७ साली मोंकाडांच्या गटाने घातला. प्रयोगात हात बुडवले असते तर असं बोलला नसतात.

अस्तरवाला: माझे हात काढू नका. तुमच्याइतकीच वर्षं मीही पट्ट्या टांगल्यात.

रोहिणी: भांडण आवरा. आईच्या छातीत कळ आली की जिभेखाली नायट्रोग्लिसरीन ठेवते. तिच्या धमन्यांचं अस्तर बिघडलेलं आहे, तरी गोळी लागू पडते, कारण गोळीपासून नायट्रिक ऑक्साइड थेट स्नायूत तयार होतं. गोळी विरघळेपर्यंत तिचा हात धरून बसणाऱ्याला हा वाद पोकळ वाटत नाही.

शरीरक्रिया: हेच म्हणते मी. शिवाय लहान धमन्यांत नायट्रिक ऑक्साइड रोखलं तरी सैलावणं बऱ्यापैकी शिल्लक राहतं. तिथे अस्तर आणि स्नायू यांच्यातल्या जोडण्यांमधून विद्युत बदल पोचतो, आणि त्या जोडण्या एकतर्फी नाहीत.

अस्तरवाला: ठीक. ‘निमूटपणे’ हा शब्द मागे घेतो, फक्त तेवढाच. नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती औषधाने अडवली की रक्तदाब चढतो, हे मात्र विसरू नका. अस्तराचा हात स्नायूवर सतत असतो.

शरीरक्रिया: ‘हात असतो’ चालेल. ‘हुकूम’ नाही.

जुनी प्रयोगशाळा: आणि मोंकाडांचं काय?