मदत हवी आहे : वास्को द गामाने चर्च समजून प्रार्थना केलेले कालिकतचे देऊळ कोणत्या देवतेचे असावे?

नमस्कार. केरळातील मंदिरपरंपरा जवळून पाहिलेल्या जाणकारांना एक शंका विचारायची आहे.

२० मे १४९८ रोजी वास्को द गामाचा ताफा कालिकतजवळ (आजचे कोळिकोड) पोहोचला. तेथील राजा झामोरिनच्या भेटीला जाताना त्याला वाटेत एका देवळात नेले आणि ते ख्रिस्ती देवालयच आहे असे समजून त्याने सोबत्यांसह तेथे प्रार्थना केली, हे अनेकांना ठाऊक असेल. ताफ्यातील एकाने लिहिलेल्या रोजनिशीचा अनुवाद वाचताना मात्र मी चकित झालो, कारण लिहिणाऱ्याच्या नजरेतून फारसे काही सुटलेले नाही. घडीव दगडाचे बांधकाम, वर कौले, मुख्य दारापाशी डोलकाठीएवढा उंच कांस्याचा स्तंभ आणि त्याच्या टोकावर पक्षी (त्याला तो कोंबडा वाटला), भिंतीला टांगलेल्या सात लहान घंटा, जानवे घातलेले पुजारी, अंगावर शिंपडलेले तीर्थ आणि कपाळाला व हातांना लावायला दिलेली पांढरी माती, असे सारे त्यात आहे. भिंतींवरील मुकुटधारी आकृतींना चार-पाच हात आणि ओठांबाहेर आलेले सुळे होते, हेही तो लिहितो. तरीही त्याच्या लेखी ते संतच ठरतात, आणि गाभाऱ्यातील लहान मूर्ती मेरीची.

ध्वजस्तंभावर सहसा त्या देवतेचे वाहन असते. तो पक्षी गरुड मानला तर देऊळ विष्णूचे ठरते. पण मेरी वाटावी अशी मूर्ती म्हणजे देवीच असणार, आणि सुळ्यांची चित्रेही भगवतीकडेच बोट दाखवतात. उत्तर केरळातील भगवतीच्या देवळांत असा पक्षी असलेला स्तंभ आढळतो का? ती पांढरी माती म्हणजे भस्म असावे का?

दुसरा प्रश्न या समजाच्या चिवटपणाचा आहे. ताफा ऑगस्टअखेरपर्यंत तेथे होता, तरी गैरसमज फिटला नाही. संभाषण अरबीतून होत असे, हे एक कारण झाले. पण मला मोठे कारण वाटते ते पोर्तुगालच्या गरजेचे : मुस्लिम सत्तांविरुद्ध पूर्वेत दंतकथेतल्या प्रेस्टर जॉनसारखा ख्रिस्ती राजा सापडावा, ही आस इतकी जुनी होती की समोरच्या चार हातांपेक्षा तीच प्रबळ ठरली. मार्च १५०० मध्ये पुढचा पोर्तुगीज ताफा घेऊन काब्राल निघाला तेव्हाही झामोरिन ख्रिस्ती आहे असेच धरून चालले होते. वास्को द गामाच्या परतीच्या वाटेवर, आज गोव्यात मोडणाऱ्या अंजदीव बेटावर पकडलेला गास्पार द गामा हा ज्यू गृहस्थ तोवर लिस्बनला पोहोचलेला होता आणि भारताचा चांगला माहितगार होता, म्हणून हे मला अधिकच खटकते. त्याच्या सांगण्याचा या समजावर काय परिणाम झाला, यावर कोणी वाचले असल्यास कृपया संदर्भ द्यावा.

मल्याळम वाचता येणाऱ्यांनी कोळिकोड परिसरातील जुन्या देवळांच्या स्थानिक इतिहासात या भेटीची आठवण नोंदलेली आहे का, हे पाहून सांगितल्यास फार उपकार होतील.