कूलरच्या घरघरीत कान तपासता येतो का?

सुधाकर, यवतमाळ
"नॉइज कॅन्सलिंग हेडफोन आले, आता साउंडप्रूफ खोली कशाला? वर्गातच लेकरांचे कान तपासून मोकळे व्हा," अशी पोस्ट काल वाचली. मोकळे कसे होणार? मोबाइलला ब्लूटूथ जोडलं म्हणून ऑडिओमीटर (कान तपासायचं यंत्र) होत नाही. स्क्रीनवरचे 40 डेसिबल कानाशी खरंच 40 आहेत का, हे कपलरवर (कानाच्या जागी ठेवून हेडफोनचा आवाज मोजायचं साधन) मोजल्याशिवाय कळत नाही. शिवाय हाडावरच्या तपासणीत, म्हणजे कानामागच्या हाडावर कंपनं देऊन ऐकवतात तेव्हा, कान उघडे लागतात. झाकले की 250 अन् 500 हर्ट्झच्या खालच्या सुरांवर ऐकू येणं खोटंच सुधारलेलं दिसतं. मग दोष पडद्यामागं आहे की नसेत, कसं ठरवणार?

वैशाली, आर्वी
सुधाकरभाऊ, शाळेतल्या प्राथमिक तपासणीत हाड कोण लावतं? आपला टीडीएच-39, म्हणजे ऑडिओमीटरचा नेहमीचा हेडफोन, बाहेरचा आवाज 500 हर्ट्झला जेमतेम 7 डेसिबल अडवतो, 4000 ला 32. आत शिरतो तो खालचाच आवाज, अन् हे नॉइज कॅन्सलिंगवाले नेमका तोच मारतात. साउंडप्रूफ खोलीसाठी जिल्ह्याला जायचं म्हणजे बापाची मजुरी बुडते, म्हणून पोरगं जातच नाही.

गजानन, हिंगणघाट
एकसुरी घरघर मारतात, ताई. शेजारच्या वर्गातले पाढे अन् घंटा नाही. वर्ग किती शांत ते मोजायचं मोबाइलचं मीटर बहुधा डीबी-ए (खालचे सूर कमी धरणारं माप) दाखवतं, ते 250 ला साडेआठ अन् 125 ला 16 डेसिबल कमीच धरतं. कूलर चालू असला की आकडा फसवतो. खालचे सूर जवळजवळ पूर्ण धरणाऱ्या सी मापावर लावून पाहा.

वैशाली
मग कूलर बंद करा.

गजानन
एप्रिलात? लेकरू घामेजलं की हेडफोनची गादी सरकते. फट पडली की टोन बाहेर गळतो अन् गलका आत येतो.

सुधाकर
पावसाळ्यात घ्या.

गजानन
टिनावरच्या पावसात 2000 सुद्धा बुडतं. अन् दिवाळीनंतर म्हणाल तर आमच्याकडं जिनिंग (कापसातली सरकी काढायचे कारखाने) सुरू होते.

वैशाली
प्रत्येक ऋतूला नाहीच म्हणायचं का? तोवर पोरगं दहावीला पोचेल, कान तसाच! हिवाळ्यात सकाळच्या शाळेत, जिनिंगपासून लांबचा वर्ग घ्या. आधी ऑटोस्कोपनं (कानात पाहायची बॅटरी) मळ पाहा. चष्मा अन् बाळ्या काढा, केस मागं घ्या. वायरचाच जोड वापरा, अन् हेडफोन कॅन्सलिंग चालू ठेवून कॅलिब्रेट केला (आकडा मोजून जुळवला) असेल तर तपासताना बंद करू नका. रोज सकाळी आधी स्वतःच्या कानावर टोन ऐका, वायर हलवून खरखर पाहा. लेकराला पाठमोरं बसवा. 1000 हर्ट्झवर 40 डेसिबलनं सराव, मग 25 डेसिबलनं 1000, 2000, 4000. टोन हुकला तर हेडफोन नीट बसवून पुन्हा एकदा. तरी हुकला तर जिल्ह्याच्या साउंडप्रूफ खोलीत पाठवा.

सुधाकर
500 गाळला की पडद्यामागचं पाणी नजरेतून सुटतं, लेकरांत तर तेच जास्त.

वैशाली
सोबत टिम्पॅनोमीटर (कानात हवेचा दाब बदलून पडदा किती हलतो ते पाहणारं यंत्र) न्या. त्याला एवढी शांतता लागत नाही.

सुधाकर
टिम्पॅनोमीटर असेल तर चालेल. पण कागदावर "प्राथमिक तपासणी" एवढंच लिहा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कमी ऐकू येणं म्हणजे दोन्ही कानांना 60 ते 70 डेसिबलची घट. तो आकडा वर्गातल्या हेडफोनवरून कोणी लिहू नये.

गजानन
अन् कूलर बंदच.