मदत हवी आहे: फ्रान्समधल्या छोट्या दुकानातून आणलेली वाईन खराब आहे का? (तातडीचं)

अबोली (रविवार, रात्री ११:१०)
सध्या फ्रान्समध्ये आहे. काल इथल्या एका छोट्या वाईनच्या दुकानातून बाटली आणली. सुपरमार्केटमधली नकोच होती, म्हणून मुद्दाम तिथे गेले. आज उघडली तर वास भलताच. अक्रोड, जुनं लाकूड आणि चक्क मेथीचे लाडू! चव आंबट, थोडी खारट. आजवर प्यायलेल्या एकाही वाईनला असा वास नव्हता. दुकानदाराने खराब माल गळ्यात मारला का? दहा दिवसांनी भारतात निघतेय, काकांसाठी तीन बाटल्या न्यायच्या आहेत. दुकान सोमवारी बंद असतं. मंगळवारी जाऊन पैसे परत मागायचे की नाही, एवढंच सांगा. लवकर.

परसदार
ताई, फ्रान्स एवढा मोठा देश. कुठल्या गावात आहात? लाल की पांढरी? बाटलीवर काय लिहिलंय? किंमत? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

जुना_पुणेकर
सरळ परत करा. बूच खराब झालं की वाईन नासते, फ्रेंच लोक त्याला 'बुशोने' म्हणतात. चांगला दुकानदार कुरकुर न करता बदलून देतो. मी तीस वर्षं वाईन पितोय, मेथीचा वास येणारी चांगली वाईन पाहिलेली नाही.

काठावरचा
पुणेकर, बूच नासल्याचा वास वेगळा. भिजलेला पुठ्ठा, पावसाळ्यातलं ओलं गोणपाट, तसा. अक्रोड आणि मेथी म्हणजे बूच नव्हे. अबोली, तुम्ही पूर्व फ्रान्समधल्या ज्युरा भागाच्या आसपास आहात का? मी तिथून जवळच दिजोंला अकरा वर्षं काढली, म्हणून विचारतोय. लेबलावर 'सावान्यां' (तिथल्या द्राक्षाचं नाव) असं काही आहे का ते बघा.

सह्यकडा
वाईनचं दुकान म्हणजे आपल्याकडचं वाईन शॉप का? जाळीच्या खिडकीतून क्वार्टर देतात ते? तिथे कसली चव बघणार आणि कसली परत करणार?

काठावरचा
नाही हो. इथे त्या दुकानदाराला 'काव्हिस्त' म्हणतात. स्वतंत्र काव्हिस्त असेल तर तो स्वतः शेतकऱ्यांकडे जातो, पिंपातून चव घेतो आणि पसंत पडेल तोच माल ठेवतो. आपल्याकडे जुना किराणावाला तांदूळ हातावर घेऊन, वास घेऊन 'हा नवा आहे, मोकळा होणार नाही' म्हणायचा ना, तसा. साखळी दुकानांतही भली माणसं असतात, पण तिथे माल वरून ठरून येतो.

हेलपाटे
फ्रान्समध्ये आहातच तर आल्सासला जा! मार्लनहाईम ते थान असा १७० किलोमीटरचा वाईन रस्ता आहे, १९५३ पासूनचा. आम्ही दोघं सायकलने चार दिवसांत केला. कोलमारला मुक्काम करा. आणि काकांना गेव्युर्झट्रामिनर न्या. लिची आणि गुलाबाचा वास, मसालेदार जेवणाबरोबर तीच चालते.

परसदार
हेलपाटे, त्यांनी सहल विचारलेली नाही. अबोली, कुठे गेलात?

अबोली (सोमवार, सकाळी ७:४०)
सॉरी, झोपले होते. बेझाँसोंला आहे, पोस्टडॉक. वाईन पांढरी. लेबलावर 'कोत द्यु ज्युरा', खाली 'सावान्यां', २०१८. चोवीस युरो. काठावरचा, तुम्ही कसं ओळखलंत?

काठावरचा
मेथीवरून ओळखलं. आता निवांत वाचा, बाटली खराब नाही.

ज्युरात वाईन दोन तऱ्हेने करतात. पिंपात वाईन ठेवली की लाकडातून थोडी थोडी उडून जाते आणि वर पोकळी होते. बाकी बहुतेक ठिकाणी ती पोकळी भरत राहतात, पिंप काठोकाठ ठेवतात. त्याला 'उईये' म्हणतात. ज्युराची जुनी रीत उलटी. पोकळी तशीच सोडायची. मग वाईनवर यीस्टचा पातळ पापुद्रा धरतो, लोणच्याच्या खारावर कधी कधी पांढरा पापुद्रा येतो ना, दिसायला तसाच. त्याला 'व्हाल' म्हणतात, म्हणजे पदर. त्या पदरामुळे हवा अगदी सावकाश लागते, म्हणून वाईनचा व्हिनेगार होत नाही आणि अक्रोडाचा वास चढतो. तुमची बाटली पदराखालची आहे. दुकानदाराने तुम्हाला दोन्हीपैकी कुठली हवी ते विचारलं होतं का?

रसायनवाली
मेथीबद्दल मला सांगू द्या, हा माझ्या कामाचा विषय आहे. अबोली, तुमचं नाक अगदी बरोबर आहे. मेथीदाण्याला जो वास असतो तो सोटोलॉन नावाच्या पदार्थाचा. पदराखाली मुरलेल्या ज्युराच्या वाईनमध्येही तोच पदार्थ तयार होतो. 'मेथीसारखा' नाही, तोच रेणू. मेथीचे लाडू खाऊन वाढलेल्या माणसाला तो पहिल्या घोटात कळणार.

जुना_पुणेकर
रसायन काहीही असो. ग्राहकाला न सांगता असली वाईन देणं चूकच. विकणाऱ्याने सांगायला नको?

काठावरचा
हे मान्य. आधी सांगायला हवं होतं. पण विचारणाऱ्याने काय विचारलं तेही कळायला हवं. काव्हिस्त दोन गोष्टी हमखास विचारतो: बरोबर काय खाणार आणि किती खर्चायचे आहेत. खर्चाचा आकडा मोकळेपणाने सांगावा, त्यात कमीपणा नाही.

अबोली
फ्रेंच कामापुरतंच येतं. त्याने बरंच काही विचारलं, निम्मं कळलं नाही, मी नुसती 'वी, वी' (हो, हो) करत होते. एकच वाक्य पाठ करून गेले होते: शेतकऱ्याने स्वतः केलेली, याच भागातली वाईन हवी. ते काकांसाठी. आमचे काका दिंडोरीचे. त्यांनी दीड एकर शिराझ, म्हणजे वाईनचं द्राक्ष, लावलं होतं, एका कंपनीशी करार करून. २००९-१० च्या मंदीत कंपनीने माल उचललाच नाही. पुढच्या वर्षी बाग उपटली. त्यांचं एकच म्हणणं असतं, 'द्राक्ष माझं, बाटली दुसऱ्याची, म्हणून बुडालो.' म्हणून ज्याचं द्राक्ष त्याचीच बाटली, अशी वाईन त्यांना दाखवायची आहे. सुपरमार्केटमध्ये हे कोणाला विचारणार?

निफाडकर
ताई, हे वाचून आत हललं. आमच्या गावातही त्या दोन वर्षांत किती बागा गेल्या. कुऱ्हाडीने नाही, जेसीबीने. काकांना नमस्कार सांगा. एक विचारू का? तिथले शेतकरी छाटणी कधी करतात? आमच्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोड्या बाराची.

काठावरचा
निफाडकर, इथे एकदाच, हिवाळ्यात, वेल झोपलेला असताना. तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. तुमच्यासारखाच केवडा रोग इथेही वेलांना छळतो, ओल्या वर्षी तर फार.
अबोली, शेतकऱ्याची बाटली ओळखायची खूण: बुचावरच्या टोपीवर गोल शिक्का असेल तर त्यात एखादं अक्षर बघा. 'आर' म्हणजे ज्याने पिकवलं त्यानेच केलं, 'एन' म्हणजे व्यापारी. २०१९ पासून तो शिक्का सक्तीचा नाही, पण बऱ्याच बाटल्यांवर अजून असतो. स्वतंत्र शेतकऱ्यांच्या संघटनेचं चिन्हही असतं, खांद्यावर पिंप घेतलेला माणूस.

अबोली
शिक्का आहे. 'आर' आहे!

तासगावचा_पाहुणा
सहकारी संस्थेची पण न्या ना. ज्युरातल्या आर्ब्वाला १९०६ सालची शेतकऱ्यांची सहकारी वाईनरी आहे. आपल्याकडे साखर कारखाने झाले, तसं तिथे वाईनचं. एकट्या शेतकऱ्याचं कौतुक ठीक आहे, पण काकांसारख्याला सहकारानेच तारलं असतं.

काठावरचा
तिची वाईन चांगली असते, ना नाही. पण काकांचा प्रश्न 'बाटली कोणाची' हा आहे. सहकारात सगळ्यांचा माल एकत्र होतो.

तासगावचा_पाहुणा
एकत्र होतो म्हणून कोणाचाही माल बांधावर राहत नाही. आमच्या बेदाण्याचे सौदे बघा, शेतकरी एकटा उभा राहिला की व्यापारी भाव पाडतो.

सह्यकडा
मूळ दुखणं विक्रीचं आहे. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायचं ठरवलं होतं. अण्णांनी उपोषणाचा इशारा दिला, विरोध झाला, विषय थंड पडला. ते झालं असतं तर नाशिकच्या शेतकऱ्याला बाजार मिळाला असता.

जुना_पुणेकर
कंपन्यांना मिळाला असता, शेतकऱ्याला नव्हे. शेतकऱ्याच्या नावावर कंपन्यांचं भलं.

परसदार
त्यासाठी वेगळा धागा काढा, मंडळी. अबोली, तीन बाटल्या म्हणता, पण पाऊण लिटरच्या तीन म्हणजे सव्वादोन लिटर. भारतात परदेशातून येताना दोनच लिटर दारू शुल्काशिवाय आणता येते. पुढच्यावर कस्टम भरावं लागतं, आणि ते भरमसाट असतं.

अबोली
अरे देवा. हे माहीतच नव्हतं. मग दोनच?

काठावरचा
थांबा, तीन जमतील. पदराखालच्या वाईनचा राजा म्हणजे 'व्हँ झोन', पिवळी वाईन. फक्त सावान्यां द्राक्षाची, पिंपात सहा वर्षं तीन महिने. तिची बाटलीच वेगळी, बुटकी, रुंद खांद्यांची. तिला 'क्लाव्हलँ' म्हणतात आणि तिच्यात ६२ सेंटीलिटर मावतात. लिटरभर वाईन इतकी वर्षं उडत राहून जेवढी उरते तेवढी, असं तिथले लोक सांगतात. दोन क्लाव्हलँ आणि एक साधी बाटली मिळून १.९९ लिटर! खर्च किती करायचा?

अबोली
ऐंशी युरो, तिन्ही मिळून.

काठावरचा
मग दोन क्लाव्हलँ बसणार नाहीत, एकच चाळीसच्या आसपास जाते. मंगळवारी आकडा सांगा आणि त्यालाच जुळवू द्या. आत शिरताना आधी 'बोंझूर' (नमस्कार) म्हणा, मग बाकीचं. आणि भांडू नका. उरलेली बाटली बरोबर न्या. फ्रिजमध्ये उभी ठेवलीत तर ही वाईन आरामात टिकते.

हेलपाटे
गेव्युर्झट्रामिनर पाऊण लिटर बारा युरोत येते. फक्त सांगतो.

चाळीतली_सुमन
केबिनमध्ये नेऊ नका, १०० मिलीच्या वरचा द्रव काढून घेतात. माझ्या भाच्याची अत्तराची बाटली गेली. चेक-इन बॅगेत, कपड्यांच्या मधोमध. आधी प्लास्टिक, मग टॉवेल, मग जाड स्वेटर. बाटल्या एकमेकींना लागू देऊ नका.

अबोली (मंगळवार, रात्री ९:२५)
जाऊन आले. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ दिलात.

बोंझूर म्हटलं, उरलेली बाटली पुढे ठेवली आणि मोबाईलवर भाषांतर करून आणलेलं वाक्य दाखवलं: 'मला वाटलं ही खराब आहे, आता कळलं की नाही, पण मला समजून घ्यायचं आहे.' ते पन्नाशीचे आहेत. त्यांनी पेल्यात थोडी ओतली, वास घेतला, मान हलवली. मग शेजारच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने आडवं पिंप काढलं, पाऊण भाग रेघा मारून भरला, वरच्या पोकळीखाली एक नागमोडी रेघ ओढली आणि तिच्यावर बोट ठेवून म्हणाले, 'व्हाल'. शनिवारी त्यांनी हेच विचारलं होतं, साधी हवी की पदराखालची. मी 'वी' म्हणाले होते.

मग विचारलं, कशाबरोबर प्यालात? मी म्हटलं, नुसतीच. ते आतून कोंते चीजचा तुकडा घेऊन आले, अठरा महिने मुरलेलं. आधी चीज, मग घोट. खारटपणा गेला कुठे कळलंच नाही, अक्रोड तेवढा राहिला. रविवारी जी वाईन मी ओतून देणार होते ती हीच!

मेथीचं सांगायला माझ्याकडे फ्रेंच शब्द नव्हता. मोबाईलवर मेथीदाण्याचा फोटो दाखवला तर ते हसून म्हणाले, 'क्युरी, क्युरी!' इथे व्हँ झोनबरोबर करी मसाल्यातलं चिकन खातात म्हणे.

काकांचंही सांगितलं, तुटकमुटक. त्यावर त्यांनी शातो-शालों गावाची गोष्ट सांगितली. त्या गावाच्या नावाने फक्त पिवळी वाईनच विकता येते, आणि तोडणीआधी समिती बागा बघते. १९७४, १९८०, १९८४ आणि २००१ साली पीक पुरेसं चांगलं नव्हतं म्हणून शेतकऱ्यांनीच त्या नावाची एकही बाटली काढली नाही. काकांना मी सगळ्यात आधी हेच सांगणार आहे.

घेतलं ते असं: व्हँ झोनचं एक क्लाव्हलँ, ३९ युरो. पुल्सार नावाच्या फिक्या लाल द्राक्षाची एक साधी बाटली, १५. आणि 'व्हँ द पाय'ची अर्धी बाटली, २५. ही तासगावच्या पाहुण्यांसाठी मुद्दाम लिहिते: द्राक्षं तोडून निदान सहा आठवडे सुकवतात, पूर्वी पेंढ्यावर सुकवायचे म्हणून 'पेंढ्याची वाईन'. म्हणजे बेदाण्याच्या वाटेवर निघालेलं द्राक्ष, मग दाबून रस. तिन्ही वेगवेगळ्या शेतकऱ्यांच्या, तिन्हींवर नाव-गाव आहे. एकूण १.७४५ लिटर, ७९ युरो.

तासगावचा_पाहुणा
सहा आठवडे? आमचा बेदाणा रॅकवर पंधरा-वीस दिवसांत होतो. तिथे ऊन कमी, म्हणून असेल. साखर किती चढते ते विचारलंत का?

निफाडकर
काकांना क्लाव्हलँ थंडगार देऊ नका. काठावरचा, बरोबर ना? किती तापमान?

काठावरचा
बरोबर. चौदा ते सोळा अंश. आणि जेवणाच्या चार-पाच तास आधी बूच काढून ठेवायचं. दिंडोरीत फ्रिजमधून काढून तासभर बाहेर ठेवली की झालं. एका दिवसात संपवायचं बंधन नाही, उघडल्यावर कित्येक आठवडे टिकते. काकांना रोज थोडी घेऊन बघू दे.

जुना_पुणेकर
माझा अंदाज चुकला. पुढच्या वेळी कोणी फ्रान्सहून येणार असेल तर मला एक क्लाव्हलँ हवी आहे, पैसे आधी देतो.

अबोली (शुक्रवार)
बॅग भरली. चाळीतली_सुमन, दोन टॉवेल आणि आईसाठी घेतलेला स्वेटर. त्यांनी पिंप काढून दाखवलेला पुठ्ठ्याचा तुकडाही मागून घेतला होता, तो बाटल्यांच्या मध्ये घातलाय. काकांना त्याच्यावरूनच समजावून सांगेन.