बर्मिंगहॅमची ‘बॅक टु बॅक’ घरं: आई-बाबांना दाखवायची तर?

भटकी_पावलं: ऑगस्टमध्ये आई-बाबा इकडे येतायत. दोघंही गिरगावच्या चाळीत वाढलेले, त्यामुळे राजवाड्यांपेक्षा हर्स्ट स्ट्रीटवरची, पाठीला पाठ लावून बांधलेली आणि आता संग्रहालय झालेली ही जुनी घरं त्यांना जास्त आवडतील असं वाटतंय. आयत्या वेळी तिकीट मिळतं का? बाबांना गुडघ्याचा त्रास आहे, जिने झेपतील? आणि आजूबाजूचं सगळं पाडलं, मग हीच कशी वाचली?

ब्रमवासी: आयत्या वेळच्या भरवशावर जाऊ नका. तिथे मोकळं हिंडता येत नाही, गाइडबरोबरच जावं लागतं, आणि खोल्या एवढ्याशा असल्याने एका फेरीत मोजकीच माणसं घेतात. ही घरं सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या वारसा संस्थेच्या सभासदांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत, पण जागा त्यांनाही आधीच राखावी लागते. नेमकं इथेच लोक फसतात आणि कार्ड हातात घेऊन दारातून परत फिरतात. सव्वा तास तरी हाताशी ठेवा. न्यू स्ट्रीट स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, हिपोड्रोम थिएटरच्या शेजारी.

आता जिने. घर तीन मजली, मजल्यावर एकच खोली, आणि कोपऱ्यात गोल वळत जाणारा अरुंद जिना. वळणावर पायरी आतल्या बाजूला निमुळती होत संपतेच. पाऊल मावतं ते बाहेरच्या कडेला. चढणं जमून जातं, उतरताना गुडघ्यावर सगळा भार येतो. शिवाय हे एका घरापुरतं नाही. बुकिंग करतानाच तळमजल्यापुरती फेरी मिळेल का ते विचारून घ्या. वर जायचंच असेल तर खांद्याला पिशवी नको, दोन्ही हात मोकळे हवेत.

विटा_आणि_चुना: वाचली ती खालच्या दुकानांमुळे. ही 11 घरं 1802 ते 1831 दरम्यान बांधलेली, मधल्या चौकाचं नाव कोर्ट 15. तिथे एके काळी सुमारे 60 माणसं राहायची. 1966 मध्ये घरं राहण्यास अयोग्य ठरली आणि वरचे मजले ओस पडले, पण रस्त्याकडची दुकानं चालूच राहिली. गाळा चालू म्हणून भिंती उभ्या, एवढंच. वारसा यादीत नाव लागलं ते थेट 1988 मध्ये. दुरुस्ती होऊन 2004 मध्ये घरं लोकांसाठी खुली झाली.

आत चार काळ मांडलेत. 1840 च्या दशकात घड्याळाचे काटे करणारं ज्यू कुटुंब, 1870 च्या दशकात काचेचे डोळे बनवणारा कारागीर, 1930 च्या दशकात कुलूपवाले, आणि शेवटी कॅरिबियनमधल्या सेंट किट्स बेटावरून आलेले शिंपी जॉर्ज साँडर्स यांचं 1970 च्या दशकातलं दुकान. घाई करायचीच तर मधल्या घरांत करा, शिंप्याच्या दुकानात नको.

गॅलरीतला_कठडा: चाळीबरोबर तुलना होणारच, पण एक फरक बाबांना आधीच सांगा. चाळीत दार गॅलरीत उघडतं आणि मागे खिडकी असली तर वारा आरपार जातो. इथे रस्त्याकडचं घर आणि चौकाकडचं घर यांची पाठीची भिंत एकच. डावी-उजवीकडेही शेजारी. म्हणजे तीन बाजू बंद आणि दार-खिडक्या एकाच अंगाला. संडास मात्र चौकात सामायिक, चाळीसारखेच. धुणंही सामायिक: विटांच्या चुलाण्यात बसवलेला मोठा हंडा, खाली जाळ, आणि प्रत्येक घराचा ठरलेला वार. त्या खोलीला म्हणायचे ‘ब्रूहाउस’. राख-कचऱ्याच्या जागेला ‘मिस्किन’, आपल्या मिस्कीनशी त्याचा काही संबंध नाही.

ब्रमवासी: लीड्सला जाणार असलात तर तिथे असली घरं अजून हजारोंनी आहेत. 1937 पर्यंत बांधत होते. पण त्यांत लोक राहतात, खिडकीतून डोकावू नका.

भटकी_पावलं: मग तळमजल्याच्या फेरीचं आजच विचारते. आई वर जाईल, बाबा खाली थांबतील. त्यांना तेवढा वेळ बसायला जागा आहे का?

ब्रमवासी: तेही त्याच फोनवर विचारा. कोपऱ्यावर 1930 च्या थाटाचं गोळ्या-चॉकलेटचं दुकान आहे, काचेच्या बरण्यांतून तोलून देतात. बाबांचा वेळ जाईल.